विचारल्याखेरीज न बोलणारे कार्ड

माझ्या दवाखान्यातील टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात, जुन्या रक्तदाबमापकाच्या शेजारी, तळहाताएवढे एक हिरवे कार्ड ठेवलेले आहे. त्याच्या एका कडेला सोनेरी पट्ट्यांची ओळ आहे आणि दुसऱ्या टोकाला पंधरा छिद्रांचे सॉकेट. संगणकाला खेळाची दांडी, म्हणजे जॉयस्टिक, जोडण्यासाठी एके काळी असे कार्ड वापरीत. आज त्याचा काहीही उपयोग नाही. ज्या संगणकात ते बसवले होते तो केव्हाच भंगारात गेला. तरीही बावीस वर्षे मी ते जपून ठेवले आहे.

गेल्या महिन्यात एक सूनबाई सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात आल्या. सासऱ्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन दोन महिने झाले होते. बाई थकलेल्या दिसत होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, औषधं वेळेवर देते, व्यायामही करून घेते, पण हे काही सांगतच नाहीत. विचारलं की 'बरं आहे' म्हणतात. यांना नक्की काय होतंय ते कळावं कसं?" मी खण उघडला, ते कार्ड बाहेर काढले आणि त्यांना एक गोष्ट सांगितली. तीच आज वाचकांना सांगतो.

माझे वडील, अण्णा, एसटीत चालक होते. वाई आगारातून पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला गाडी नेणे हे त्यांचे वर्षानुवर्षांचे काम. पावसाळ्यात धुक्याने रस्ता दिसेनासा झाला तरी गाडी कोणत्या वळणावर कोणत्या गिअरमध्ये हवी हे त्यांच्या डाव्या हाताला ठाऊक असे. आपल्याकडे चालक उजव्या बाजूस बसतो. त्यामुळे सुकाणू उजव्या हाताशी आणि गिअर डाव्या. "घाट डावा हात चढतो, उजवा नुसता वाट दाखवतो," असे ते म्हणत. स्वभावाने मात्र ते कमालीचे अबोल. दुखले-खुपले तरी सांगणार नाहीत. गाडीत चाळीस माणसे बसलेली असताना चालकाने कुरकुर करू नये, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

२००२ सालच्या जून महिन्यात एके सकाळी त्यांच्या डाव्या पायातील चप्पल दोनदा निसटली. त्यांनी ती पुन्हा पायात सरकवली आणि ते गप्प राहिले. मी त्यांच्यासमोर बसून चहा घेतला, "बरं आहे ना?" असे सवयीने विचारले, "हं" हे उत्तर ऐकले आणि दवाखान्यात निघून गेलो. दुपारी आईचा फोन आला तेव्हा त्यांचे तोंड उजवीकडे ओढले गेले होते आणि डावा हात लुळा पडला होता. चपलेची गोष्ट त्यांनी मला रुग्णालयात, तिसऱ्या दिवशी सांगितली. मी डॉक्टर होतो, मुलगा होतो, आणि दीड हात अंतरावर बसलेलो होतो. ही बोच आजही गेलेली नाही.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की शरीराची डावी बाजू दुर्बल होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण काही रुग्णांत त्याहून विलक्षण गोष्ट घडते. डावी बाजू नुसती दुर्बल होत नाही. मेंदू तिची दखल घेणेच सोडून देतो. डोळ्यांना दिसते, पण मन तिकडे वळत नाही. वैद्यकात याला एका बाजूचे दुर्लक्ष म्हणतात. हा हट्ट नव्हे, आळस नव्हे आणि वेडही नव्हे. तो मेंदूच्या इजेचाच एक भाग असतो.

आमच्या घरी ते प्रथम आईच्या लक्षात आले, तेही ताटावरून. अण्णा उजव्या बाजूची भाजी संपवीत, पोळी खात. पण ताटाची डावी बाजू जशीच्या तशी राही. चटणी, लोणचे, कोशिंबीर, लिंबाची फोड, सारे वाढलेल्या जागी. आईला वाटले, आजारपणाने यांच्या तोंडाची चव गेली. मी एकदा ताट अर्धे फिरवून ठेवले, तर त्यांनी चटणी खाल्ली आणि भाजी ठेवली. त्या क्षणी मला जे कळले ते आईला समजावून सांगायला मात्र शब्द सापडेनात. त्यांचा डावा हातही तसाच मांडीवर पडून असे, दुसऱ्या कोणाचा तरी चुकून तेथे राहिल्यासारखा.

फिजिओथेरपिस्ट बाई आठवड्यातून दोनदा येत. मधल्या दिवसांत व्यायाम घरच्यांनी करून घ्यायचा होता. रबरी चेंडू दाबणे, टेबलावर हात पुढे-मागे सरकवणे. अण्णा दोन दिवस करीत, तिसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून निजत. मी एक सांगे, आई दुसरे, भेटीला येणारे नातेवाईक तिसरेच. श्रावण लागला तेव्हा त्यांनी व्यायाम जवळजवळ सोडला होता. एका रात्री ते मला म्हणाले, "आता कशाला? हात गेला तो गेला. तुम्ही सगळे उगाच मागं लागताय." त्यांच्या जेवणावरची वासना उडत चालली होती. औषधांइतकेच मला त्याचे भय वाटू लागले.

अशा वेळी माझ्या पुण्याच्या आतेभावाचा मुलगा सुट्टीत आला. त्याच्यापाशी विमान उडवण्याच्या खेळाची जॉयस्टिक होती. त्याने ती अण्णांच्या पलंगावर ठेवली, आणि कित्येक आठवड्यांत प्रथमच अण्णांनी स्वतःहून एखाद्या वस्तूला हात लावला. उजव्या हाताने दांडी धरून त्यांनी ती पुढे लोटली, बाजूला घेतली, मागे ओढली. मग म्हणाले, "न्यूट्रल बरं आहे हिचं." ती आपोआप मध्यावर परत येत होती, हे त्यांनी पहिल्याच खेपेस ताडले होते.

या दांडीला बळ फारसे लागत नाही. दोन बोटांच्या जोरावरही ती हलते. ती डाव्या हातात दिली तर? फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारले. त्यांनी होकार दिला, पण अटी घातल्या. नेहमीच्या व्यायामाऐवजी नव्हे, तर त्याच्या जोडीला, एका वेळी दहा मिनिटे, कोपराखाली उशी, खांदा दुखला किंवा बोटे ताठरू लागली की ताबडतोब बंद.

अडचण वेगळीच निघाली. आमच्या घरचा संगणक १९९६ सालचा, जुन्या पेंटियमचा. आजच्यासारखी यूएसबीची जागा त्याला नव्हती. जॉयस्टिक होती पंधरा पिनांची. तशी जागा संगणकाच्या ध्वनिकार्डावर होती. पण कोणीतरी पूर्वी प्लग उलटा दामटल्यामुळे ते सॉकेट मुळापासून निखळले होते. नवा संगणक घ्यावा तर रुग्णालयाच्या खर्चानंतर हातात काही उरले नव्हते. गावात संगणक दुरुस्त करणारा मुलगा म्हणाला, "डॉक्टर, स्वतंत्र गेम कार्ड आता कोण बसवतं? मिळालं तरी ते आपणहून ओळखलं जायचं नाही." मी पुण्याला बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत गेलो आणि एका दुकानातील जुन्या कार्डांच्या खोक्यातून हे हिरवे कार्ड शोधून आणले.

रविवारी संध्याकाळी दवाखाना बंद असतो. जेवणे झाल्यावर मी संगणक बंद केला, भिंतीतील प्लगही काढला आणि कॅबिनेटचे झाकण उघडले. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श केला, कारण आपल्या अंगावरील स्थिर विजेचा एक कण अशा कार्डाला जायबंदी करू शकतो. मदरबोर्डावर लांब, काळे, जुन्या घाटाचे दोन स्लॉट रिकामे होते. त्यांपैकी एकासमोरील पत्र्याची पट्टी काढली, कार्डाच्या सोनेरी कडेची धूळ मऊ ब्रशने झटकली, दोन्ही टोकांवर सारखाच दाब देत ते स्लॉटमध्ये बसवले आणि वरचा स्क्रू आवळला. कार्ड एका अंगाला कलले तर पट्ट्या नीट टेकत नाहीत. जखमेला टाका घालतानाही कडा अशाच समोरासमोर आणाव्या लागतात. त्यामुळे हे काम मला परके वाटले नाही.

संगणक सुरू केला. काहीच झाले नाही. त्यात विंडोज ९८ होते. 'ॲड न्यू हार्डवेअर' हा पर्याय उघडला. संगणकाने बराच वेळ शोध घेतला आणि नवे काहीही सापडले नाही असे सांगितले. मी पुन्हा शोधायला लावले. पुन्हा तेच उत्तर. कार्ड डोळ्यांसमोर होते, स्क्रूने घट्ट बसलेले होते, वीज घेत होते; पण संगणकाच्या लेखी ते नव्हतेच.

याचे कारण नंतर वाचनातून उमगले. आयबीएमने १९८१ साली आपला पहिला पीसी आणला तेव्हाच त्यासोबत खेळाच्या दांडीसाठी एक वेगळे कार्ड ठेवले होते. माझे कार्ड त्याच वंशातले. यंत्राने नवा भाग आपोआप ओळखावा ही सोय घरोघरी पोचली ती १९९५ नंतर, विंडोज ९५ बरोबर. त्याआधीच्या कार्डांना 'मी अमुक आहे' असे सांगण्याची भाषाच शिकवलेली नव्हती. शिवाय या कार्डाचा आणखी एक स्वभाव आहे. कीबोर्डवरची कळ दाबली की कीबोर्ड प्रोसेसरला हाक मारतो, 'हातातले काम थांबव, माझ्याकडे बघ.' खेळाच्या कार्डाला अशी हाक मारणारी तारच नसते. दांडी कितीही हलवा, ते गप्प. प्रोसेसरने स्वतः त्याच्या पत्त्यावर जाऊन विचारायचे, 'दांडी आता कुठे आहे?' आणि विचारले की ते उत्तर देणार. पुन्हा हवे असेल तर पुन्हा विचारा.

मध्यरात्र होत आली होती. शेजारच्या खोलीत अण्णा जागेच असल्याचे मला त्यांच्या खोकल्यावरून कळत होते. विचारले तर बोलणारे, पण कधी हाक न मारणारे असे कार्ड मी हातात धरले होते, आणि चहाच्या टेबलावरची ती जूनमधली सकाळ मला आठवत होती.

आपोआप शोधण्याचा नाद सोडून मी दुसरा पर्याय निवडला: 'नाही, यादीतून मी स्वतः निवडतो.' यादीत ध्वनी, चित्र आणि खेळाच्या साधनांचा गट होता. त्यात 'गेमपोर्ट जॉयस्टिक' असे नाव होते. ते निवडल्यावर संगणकाने त्याचा पत्ता दाखवला, २०१. संगणकाच्या सोळाच्या मोजणीतील हा पत्ता या कार्डासाठी प्रथमपासून ठरलेला आहे. मी होकार दिला, विंडोजची सीडी घातली, संगणक पुन्हा सुरू केला. आता यादीत त्याचे नाव आले. जे होतेच, त्याची नोंद झाली, एवढेच.

तरीही काम झाले नाही. चाचणीच्या चौकटीत दांडीची जागा दाखवणारी एक फुली असते. ती एका कोपऱ्यात जाऊन थरथरत राहिली. दुसऱ्या दिवशी ध्वनिकार्डाची जुनी पुस्तिका धुंडाळली तेव्हा उलगडा झाला. ध्वनिकार्डावरील सॉकेट तुटले असले तरी त्यामागचे मंडल जिवंत होते आणि तेही २०१ याच पत्त्यावर बसले होते. प्रोसेसर एक प्रश्न विचारी आणि दोघे एकदम उत्तर देत. उपाय सोपा होता. ध्वनिकार्डावर दोन पिनांना जोडणारी तांदळाच्या दाण्याएवढी टोपी असते, तिला जंपर म्हणतात. ती काढली की त्या कार्डाचा खेळाचा भाग गप्प होतो. माझ्या बोटांत ती येईना. शेवटी दवाखान्यातील मॉस्किटो फोर्सेप्स आणून मी ती उपटली. संगणक सुरू केला, आणि फुली चौकटीच्या मध्यावर शांत उभी राहिली.

त्या आठवड्यात मी घरात एक नियम केला. व्यायामाविषयी अण्णांशी फक्त एकच माणूस बोलेल, आणि ती आई. फिजिओथेरपिस्ट बाई आईला सांगतील, आई अण्णांना. मी बोलणार नाही. मला तो नियम सर्वांत जड गेला.

आता दांडीचे माप संगणकाला शिकवायचे होते. दांडीच्या बुडाशी पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरसारखे, गोल फिरून विजेला कमीअधिक अडवणारे दोन भाग असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. कार्डावरील एक छोटासा साठा या अडथळ्यातून येणाऱ्या विजेने भरतो. नळ बारीक केला की घागर भरायला वेळ लागतो, तसाच अडथळा वाढला की साठा भरायला वेळ लागतो. संगणक तो वेळ मोजतो आणि त्यावरून दांडीची जागा ओळखतो. हा सारा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा. पण कोणती दांडी कोठवर जाते हे संगणकाला ठाऊक नसते. म्हणून तो आधी सांगतो, दांडी मध्यावर सोडा आणि कळ दाबा. मग दांडी सर्व बाजूंना पूर्ण फिरवा आणि कळ दाबा. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. मी माझ्या धडधाकट हाताने ते उरकले.

अण्णांना खुर्चीत बसवले. दांडीचे बूड लाकडी फळीवर घट्ट केले, कोपराखाली उशी दिली, डावा पंजा दांडीभोवती ठेवून क्रेप बँडेजचा एक सैल वेढा घातला. खोलीत आई, मी आणि तो मुलगा. अण्णांच्या कपाळाची शीर उभी राहिली. दांडी जेमतेम बोटभर कलली. पडद्यावरची फुली किंचित हलली न हलली. त्यांनी ती पाहिली, हात सैल सोडला आणि म्हणाले, "बघ. सांगितलं होतं."

मी काहीतरी धीराचे बोलणार होतो. त्याआधी तो मुलगा म्हणाला, "काका, माप तुमच्या हाताचं आहे. आजोबांच्या हाताचं घ्या ना."

मी कॅलिब्रेशन पुन्हा सुरू केले. दांडी पूर्ण फिरवा, अशी सूचना पडद्यावर आली. अण्णांनी त्यांना जमेल तेवढी फिरवली: बोटभर पुढे, अर्धे बोट डावीकडे, थोडी उजवीकडे, थोडी मागे. कळ मी दाबली. संगणकाने तेच त्यांचे पूर्ण मानले. चाचणीची चौकट पुन्हा उघडली. अण्णांनी दांडी बोटभर लोटली, आणि फुली थेट वरच्या कडेला जाऊन भिडली.

ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी दांडी मध्यावर येऊ दिली, पुन्हा लोटली, पुन्हा फुली कडेला गेली. "पहिला पडला," ते म्हणाले. आई पदराने डोळे टिपत स्वयंपाकघरात गेली.

त्या संगणकावर अण्णा कोणताही खेळ खेळले नाहीत. ती पांढरी चौकट आणि ती फुली हाच त्यांचा घाट झाला. सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे. पहिल्या दिवसांत फुली डावीकडे गेली की त्यांना ती हरवल्यासारखी होई. मी मॉनिटरच्या डाव्या कडेला लाल कागदाची पट्टी चिकटवली. आई दर खेपेस म्हणे, "आधी लाल पट्टी बघा, मग गाडी काढा." एका बाजूच्या दुर्लक्षात नजरेला डावीकडे असा खुंटा देण्याची पद्धत उपचारांत वापरतातच. दर पंधरवड्याला आम्ही कॅलिब्रेशन नव्याने करीत असू. माप वाढत होते. बोटभर होते ते दोन बोटे झाले. पण प्रत्येक वेळी पूर्ण चौकट त्यांचीच असे.

दिवाळीच्या थोडे आधीची गोष्ट. दुपारच्या जेवणाला आईने गडबडीत पान वाढले. अण्णांनी ताटाकडे पाहिले, मान थोडी डावीकडे वळवली आणि विचारले, "लोणचं वाढायचं राहिलं का?" आई पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. ज्या बाजूला असलेले पदार्थ त्यांना चार महिने दिसत नव्हते, त्या बाजूला नसलेली एक फोड त्यांना जाणवली होती.

येथे एक डॉक्टर म्हणून मला स्पष्ट सांगितले पाहिजे. अण्णांची सुधारणा जॉयस्टिकने झाली असा माझा दावा नाही. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मेंदू स्वतःच बरेच काही सावरतो, फिजिओथेरपिस्ट बाईंचे श्रम होते, औषधे होती, आईची चिकाटी होती. यांतील कशाचा वाटा किती, हे एका रुग्णावरून ठरवता येत नाही. अण्णांचा डावा हात पूर्ववत झालाही नाही. शर्टाची बटणे त्यांना अखेरपर्यंत एका हातानेच लावावी लागली. पण ताट धरणे, काठीला आधार देणे, नातीचा हात धरून फाटकापर्यंत जाणे, इतपत तो कामी आला. पुढची सात वर्षे तो हात त्यांचा होता, आणि तो आपला आहे हे त्यांना ठाऊक होते. २००७ साली विंडोजची व्हिस्टा ही आवृत्ती आली आणि तिने या पंधरा पिनांच्या जोडणीचा आधार काढून टाकला. आमचा जुना संगणक मात्र अण्णा असेतो चालू होता.

त्या सूनबाईंना मी पुढे जे सांगितले, ते शुश्रूषा करणाऱ्या सर्वांसाठी लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट, 'बरं आहे ना?' हा प्रश्न नव्हे. त्यात उत्तर आधीच भरलेले असते. नेमके विचारा. रात्री किती वेळा उठलात? चप्पल पायात राहते का? घास कोणत्या गालात अडकतो? खांदा कोणत्या हालचालीला दुखतो? रोज एकाच वेळी विचारा आणि वहीत टिपून ठेवा. काही वृद्ध माणसे हाक मारणारी नसतातच. त्यांच्यापर्यंत आपणच जावे लागते.

दुसरी, ताट, आरसा, कपड्याची बाही, दाढीचा साबण यांकडे लक्ष असू द्या. एक बाजू सतत राहून जात असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. अशा रुग्णाशी बोलताना, त्याला वस्तू देताना अधूनमधून दुर्लक्षित बाजूने जा, म्हणजे त्याचे ध्यान तिकडे वळेल. मात्र हाकेची घंटी, पाणी आणि चष्मा नेहमी चांगल्या बाजूलाच ठेवा. तेथे प्रयोग करू नये.

तिसरी, सूचना देणारा माणूस एकच असावा.

चौथी, दुर्बल हात धरून रुग्णाला कधीही ओढू वा उचलू नका. त्याने खांद्याला इजा होते. व्यायामाचे माप रुग्णाच्या आजच्या हालचालीवरून घ्या, शेजारच्या रुग्णावरून नव्हे आणि त्याच्या आजारापूर्वीच्या दिवसांवरून तर मुळीच नव्हे. यासाठी जॉयस्टिक लागत नाही. वाटाणे सोलणे, पुस्तकाची पाने उलटणे, टेबल पुसणे, नातवाच्या टॅबवरचा साधा खेळ, काहीही चालेल. फक्त तज्ज्ञाला विचारून, आणि फिट येण्याचा त्रास असेल तर पडद्यावरचे खेळ डॉक्टरांच्या संमतीशिवाय नकोत.

पाचवी, दोन आठवड्यांहून अधिक काळ रुग्ण उदास असेल, जेवण आणि बोलणे टाकत असेल, तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. पक्षाघातानंतर नैराश्य वारंवार आढळते आणि त्यावर उपचार आहेत. अण्णांच्या बाबतीत मी हे ओळखायला उशीर केला.

आणि शेवटची. चेहरा एका बाजूला ओढला जाणे, हात किंवा पाय एकाएकी दुर्बल होणे, बोलणे अडखळणे, यांतील एक जरी चिन्ह दिसले तरी थांबून पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि ते घड्याळ रुग्ण शेवटी ठीक दिसला त्या वेळेपासून मोजतात. म्हणून ती वेळ लक्षात ठेवा. सकाळी दोनदा निसटलेली चप्पलसुद्धा वेळ सांगत असते, कोणी विचारले तर.

त्या दिवशी सूनबाई उठताना त्यांनी सासऱ्यांकडे वळून विचारले, "दादा, काल रात्री किती वेळा उठलात?" म्हातारबुवा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "चार वेळा. आणि डावा पाय दर वेळी मुंग्या आल्यासारखा होतो." बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी कार्ड खणात ठेवले आणि त्यांचा डावा पाय तपासायला घेतला.